पाचवा पर्याय

सौसरात कुणाच्या घरी लग्न निघालं आणि पत्रिका इंग्रजीत छापायची हौस आली, की कच्चा कागद आधी दत्तात्रय सरांकडे जायचा आणि मग छापखान्यात. सर सरकारी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते, पण त्यांची पेन्सिल काही निवृत्त झाली नव्हती. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी ती पेन्सिल कायम सदऱ्याच्या खिशात असे, आणि चुकीचं इंग्रजी दिसलं की सरांचा हात आपोआप खिशाकडे जाई. कापडदुकानाची पाटी, औषधाच्या खोक्यावरची सूचना, काही म्हणता काही सुटत नसे. मुलाचं पुण्याहून पत्र आलं, तर त्यावर लाल खुणा करून ते त्यालाच परत पाठवत. त्यांची बायको मीनाकाकू म्हणायच्या, "यम दारात आला ना, तरी हे आधी त्याच्या यादीतली स्पेलिंगं तपासतील."

लोक हसत, पण यमुना सोमकुंवरला त्या पेन्सिलीचा फार आधार वाटे. रामाकोन्याहून ती मंगळवारी आणि शुक्रवारी छोट्या लाइनीच्या गाडीनं सौसरला यायची. गावात बालवाडी चालवायची, बी.ए. बाहेरून झालेली, वय तीस, लग्न नाही. बँकेच्या कारकुनीच्या परीक्षेला ती दोनदा बसली होती आणि दोन्ही वेळा इंग्रजीत आपटली होती. गणित येत होतं, सामान्य ज्ञान तर तोंडपाठ. पण इंग्रजीच्या पेपरात वाक्यं दुरुस्त करायचा भाग आला की तिची पाचावर धारण बसायची. एका वाक्याचे चार तुकडे केलेले असत आणि त्यातल्या कोणत्या तुकड्यात चूक आहे ते सांगायचं. पाचवा पर्याय असे, 'चूक नाही'. दोन परीक्षांत मिळून यमुनेनं त्या पाचव्या पर्यायावर एकदाही खूण केली नव्हती. प्रत्येक वाक्यात तिला काहीतरी चुकलेलं दिसायचंच.

"का गं, देवानं तुझ्यापुरती सगळीच वाक्यं नासकी काढली का?" सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

सरांची शिकवायची रीत त्यांची स्वतःची होती. कर्ता-क्रियापद असले शब्द ते काढतच नसत. वाक्याचा मालक असतो आणि त्याचा एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी असतो, असं ते सांगत. मालक एकटा असला तर सालदाराच्या डोक्यावर एसची टोपी, मालक पुष्कळ असले तर टोपी काढायची. आणि दोघांच्या मध्ये पाहुणे येऊन बसलेले असतात, त्यांच्याकडे बघायचं नाही. "'द बास्केट ऑफ ऑरेंजेस आर हेवी.' सांग, मालक कोण?"

"ऑरेंजेस," यमुना म्हणाली.

"ते पाहुणे! त्यांच्यावर बोट ठेव. झाक त्यांना. आता कोण उरलं? टोपली. टोपलीत संत्री शंभर असोत की हजार, वजन टोपलीचंच म्हणायचं. टोपली एक, म्हणून 'इज'. पाहुण्यांच्या सांगण्यावरून सालदार कामाला लागला तर शेती बुडते."

हे बोलताना सर एकदम थांबले होते. यमुनेचे वडील मोतीराम यांनी रामाकोन्याच्या एका संत्र्याच्या बगीच्यात बावीस वर्षं सालदारकी केली होती, हे त्यांना ठाऊक होतं. ते जरा कानकोंडे झाले. यमुनेला मात्र राग आला नाही. उलट तिला हसू फुटलं, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इंग्रजीतलं काहीतरी तिच्या घरच्या ओळखीचं निघालं होतं. मालकाच्या तोंडाकडे बघून पुढचं ओळखणं तिच्या घराला कुणी शिकवायला नको होतं.

यादीतल्या गोष्टी एका घडणीच्या हव्यात, हे सांगायला सर पोळ्याचे बैल आणत. "'शी लाइक्स रीडिंग, रायटिंग अँड टु कुक.' रीडिंग बैल, रायटिंग बैल, आणि त्यांच्या जोडीला हा म्हशीचा हेला कुठून जुपला?" यमुना त्याला 'कुकिंग' करायची आणि सर खूश होऊन मीनाकाकूंना चहा टाकायला सांगायचे. चहाचा कप मीनाकाकू इतरांना द्यायच्या त्याच कपबशीतला द्यायच्या. ही गोष्ट यमुनेनं पहिल्याच दिवशी पाहून ठेवली होती. असल्या गोष्टी तिला पाहाव्या लागत.

वर्षभरात तिचं बोट तयार झालं. वर्तमानपत्रातल्या इंग्रजी जाहिरातींवरसुद्धा ती बोट ठेवून मालक शोधायची. सर्वांत अवघड मात्र पाचवा पर्याय होता. सर म्हणत, "चूक शोधणं सोपं आहे. चारी भाग तपासून 'इथं चूक नाही' म्हणायला छाती लागते. ती कमव." तिनं तीही कमावत आणली होती, हळूहळू का होईना.

ही तिसरी खेप शेवटची होती. कारकुनाला वयाची अट सव्वीस, अनुसूचित जातींना पाच वर्षं सूट, म्हणजे एकतीस. पुढच्या वर्षी ती त्यातूनही बाहेर पडणार होती. आता या सुटीतली मेख अशी, की त्या काळच्या कायद्यानं ती बौद्ध झालेल्यांना लागू नव्हती. वस्ती तीच, पाणवठा तोच, गावाचं वागणं तेच, पण धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं की केंद्राच्या नोकरीपुरता तो माणूस अनुसूचित राहत नसे. बौद्ध झालात म्हणून गावानं कुणाला ओट्यावर बसवून घेतलं नव्हतं, पण दिल्लीच्या कागदानं मात्र समजून घेतलं की यांचं दुःख संपलं. हा न्याय कुठल्या शहाण्यानं काढला असेल तो असो.

त्यामुळे वस्तीत एक रीत पडली होती. घरात बौद्ध, अर्जावर हिंदू. यमुनेचा चुलतभाऊ हिरामण पांढुर्णा स्टेशनवर नोकरीला होता, तो असाच लागलेला. त्यानंच तिला पहिल्या खेपेला सांगितलं, "कागदाचा धरम येगळा आन् घरचा येगळा, यमुना. लिहून टाक हिंदू. पोटापुढं काही नाई." तहसिलीतून जातीचा दाखलाही त्यानंच तसा काढून आणला. यमुनेनं दोन्ही वेळा अर्जावर हिंदू लिहिलं आणि दोन्ही वेळा वडिलांना सांगितलं नाही.

सांगणार तरी कसं? छप्पन साली मोतीराम अडीच महिन्यांच्या यमुनेला आणि बायकोला घेऊन छोट्या गाडीनं नागपूरला दीक्षेला गेले होते. तेव्हापासून दसऱ्याची त्यांची नागपूरवारी चुकली नव्हती. यमुनेची आई शांताबाई वारली त्या सालीसुद्धा ते गेले. आणि बासष्ट साली पोरीचं नाव शाळेत घालताना मास्तरांनी न विचारताच, सवयीनं, रजिस्टरात हिंदू लिहिलं. मोतीरामांना वाचता येत नव्हतं, पण दोन शब्द त्यांनी दिसायला ओळखून ठेवले होते, एक स्वतःचं नाव आणि दुसरा बौद्ध. रजिस्टरात तो दुसरा शब्द त्यांना दिसेना. ते मास्तरांच्या टेबलापुढून हललेच नाहीत. शेवटी मास्तरांनी चिडून हिंदू खोडलं, वर लाल शाईनं बौद्ध लिहिलं आणि बाजूला सही ठोकली. पोराटोरांना ही गोष्ट मोतीराम अजून सांगत, आणि सांगताना त्यांची छाती दोन बोटं फुगे. यमुनेच्या शाळेच्या दाखल्यावर पुढे तोच शब्द उतरला.

तिसऱ्या खेपेचा अर्ज यमुनेनं मार्चात भरला. मुदतीला तीनच दिवस राहिले होते. सगळ्या कागदांचं बंडल घेऊन ती सरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, एकदा नजर घाला. इंग्रजी बरोबर आहे का तेवढं पाहा." सरांच्या नियमाप्रमाणे सही केलेला एक कोरा अर्जही तिनं जोडीला ठेवला होता. खाडाखोड झालेला अर्ज ते कधी पाठवू देत नसत. आयत्या वेळी कोऱ्यावर उतरवता यावं, म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक प्रत सही करून घ्यायची, ही त्यांची पद्धत.

बंडलातला शाळेचा दाखला बाजूला काढून ठेवावा, असं एकदा तिच्या मनात आलं होतं. जन्मतारखेला मॅट्रिकचं प्रमाणपत्र पुरत होतं, दाखल्याची गरजच नव्हती. पण तिनं तो राहू दिला. सर धर्म कशाला बघतील, सर तर व्याकरण बघणार, असं तिला वाटलं. शिवाय दाखला काढला असता तर का काढला ते सांगावं लागलं असतं, आणि आपण अर्जात खोटं लिहितो हे सरांपुढे बोलायची तिला लाज वाटत होती. ज्या माणसाला चुकीचा शब्द सोसत नाही, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"ठेवून जा," सर म्हणाले. "तुझी गाडी चुकेल. उद्या मला पांढुर्ण्याला जायचंच आहे. तिथून रजिस्टर केलं की मोठ्या लाइनीनं सरळ भोपाळला जाईल."

पांढुर्ण्याला सरांचं काहीएक काम नव्हतं. हे तिला मीनाकाकूंनी नंतर सांगितलं. भर उन्हात, एस.टी.त उभं राहून, गुडघे दुखत असताना ते केवळ तिचा अर्ज टाकायला गेले होते. यमुना त्या दिवशी गाडीत रडली. बापाशिवाय कुणी माणूस आपल्यासाठी एवढं करतं, याची तिला सवय नव्हती.

जूनमध्ये भोपाळला परीक्षा झाली. हिरामणनं तिला पांढुर्ण्याहून गाडीत बसवून दिलं. इंग्रजीचा पेपर हातात आला आणि दुरुस्तीची वाक्यं दिसली, तेव्हा पहिल्यांदाच तिची पाचावर धारण बसली नाही. तिनं डाव्या हाताचं बोट पाहुण्यांवर ठेवलं, मालक शोधला, सालदाराची टोपी तपासली. यादी आली की जोडीत हेला तर नाही ना, पाहिलं. आणि तीन वाक्यं अशी आली, की चारी तुकडे खालीवर केले तरी काही सापडेना. पूर्वीची यमुना असती तर तिनं कुठल्यातरी गरीब बिचाऱ्या तुकड्यावर आळ घेतला असता. या वेळी तिनं तिन्ही ठिकाणी पाचव्या पर्यायावर खूण केली. बाहेर आली तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. परत आल्यावर तिनं आठवतील तेवढी वाक्यं सरांना म्हणून दाखवली, आणि सर प्रत्येक उत्तराला मान डोलवत राहिले. शेवटी म्हणाले, "तू लागलीस. लिहून ठेव."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी रामाकोन्याचे पोस्टमन दादाजी वस्तीत आले आणि त्यांनी लांबट लिफाफा यमुनेच्या हातात दिला. अंगणात मोतीराम उद्याची पिशवी भरत होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पंचशीलाचा छोटा झेंडा. लिफाफ्यावर इंग्रजी टंकलेलं पाहून ते उठून उभेच राहिले.

"बँकेचं हाय ना वं? इंग्रजीत हाय म्हंजे बँकेचंच." आणि ती काही म्हणायच्या आत ते विहाराकडे निघालेसुद्धा, लोकांना सांगायला.

पत्र अर्ध्या पानाचं होतं. लेखी परीक्षेत आपण पात्र गुणांच्या वर आहात, असं पहिलं वाक्य. दुसऱ्या वाक्यात होतं की छाननीत आपल्या अर्जातला तपशील जातीच्या दाखल्याशी जुळत नाही. दाखल्यात हिंदू आहे, अर्जात आपण स्वतः बौद्ध लिहिलं आहे, त्यामुळे वयाची सूट आपल्याला लागू होत नाही. वय जास्त असल्यानं आपली उमेदवारी रद्द करण्यात येत आहे.

यमुनेनं ते तीनदा वाचलं. रद्द वगैरे तिला लगेच कळलं, पण एक गोष्ट कळेना. अर्जात आपण स्वतः बौद्ध लिहिलं आहे. तिनं तर स्वतःच्या हातानं हिंदू लिहिलं होतं. लिहिताना पेन जरा अडखळलं होतं, म्हणून शेवटचं अक्षर थोडं जाड झालं होतं, हेही तिला आठवत होतं. जाड अक्षर. खाडाखोडीसारखं दिसणारं. सरांना न चालणारं.

दुपारच्या छोट्या गाडीनं ती सौसरला गेली. सर ओसरीवर बसून कुणाची तरी पत्रिका तपासत होते. तिच्या हातातलं पत्र बघून त्यांचा चेहरा फुलला. "आलं? अगं मीना, बाहेर ये, यमुनाचं आलं!"

"सर, माझ्या अर्जात तुम्ही काही बदललं होतं का?"

"हो तर! तुला सांगायचं राहूनच गेलं बघ." सरांच्या आवाजात सरळ सरळ अभिमान होता. "अगं, घाईत तू धर्माच्या रकान्यात हिंदू लिहून टाकलं होतंस. नशीब, मी शाळेचा दाखला पाहिला. त्यावर स्वच्छ बौद्ध. जातीचा दाखला तहसिलीचा, त्यात मी काय तपासणार, तो उघडलाच नाही. अर्जाच्या खाली काय छापलं असतं, माहितीय ना? खोटी माहिती आढळल्यास अर्ज रद्द. म्हटलं, पोरगी एवढ्याशा चुकीनं जायची. मग कोऱ्या प्रतीवर सगळा अर्ज मी पुन्हा उतरवला. एक टिंब चुकू दिलं नाही."

"मी घाईत नव्हतं लिहिलं, सर."

"म्हणजे?"

"मुद्दाम लिहिलं होतं."

सरांनी हातातली पत्रिका बाजूला ठेवली. मीनाकाकू हात पुसत दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. यमुनेनं पत्र सरांच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. सूट, कायदा, हिरामण, आधीचे दोन अर्ज. सांगताना तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं. तिला या माणसावर ओरडायचं होतं, आणि हा माणूस भर उन्हात तिच्यासाठी पांढुर्ण्याला गेला होता. ओरडायचं तरी कोणावर?

"मला हे ठाऊक नव्हतं," सर हळूच म्हणाले. "पस्तीस वर्षं मी या तहसिलीत शिकवलं. तुमच्या वस्तीतली कितीतरी पोरं माझ्या हाताखालून गेली. मला कुणीच कधी सांगितलं नाही."

"आम्ही सांगत नसतो, सर."

"मी तुला विचारायला हवं होतं."

"मीही सांगायला पाहिजे होतं. लाज वाटली."

सरांनी चष्मा सारखा केला आणि पत्र वाचायला घेतलं. दुसऱ्या वाक्यापाशी ते थांबले. जित्याची खोड म्हणतात ती ही. त्यांचा हात खिशाकडे गेला, पेन्सिल बाहेर आली आणि 'पर्टिक्युलर्स डज नॉट अग्री' यातल्या 'डज'भोवती लाल गोल पडला. मालक पुष्कळ आणि सालदाराला टोपी. बँकेच्या साहेबाला एवढंही येत नव्हतं. सर वर 'डू' लिहू लागले आणि मध्येच त्यांना आपण काय करतोय ते कळलं. हात तसाच कागदावर राहिला.

"राहू द्या, सर," यमुना म्हणाली. "तेवढी एक चूक राहू द्या."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग ते एकदम घाईनं बोलू लागले. आपण अपील करू, भोपाळला लिहू, दिल्लीला लिहू, चूक माझी आहे असं मी माझ्या सहीनं लिहून देतो. यमुना ऐकत होती. त्यात काय लिहिणार? मुलीनं खोटं लिहिलं होतं आणि मी ते चुकून खरं केलं, असं? दोन ओळी बोलल्यावर सरांनाही ते उमगलं. मीनाकाकूंनी चहा आणला. तो कुणीच घेतला नाही. निघताना सर फाटकापर्यंत आले, पण यमुनेनं मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा मोतीराम ओट्यावर बसले होते. बाजूला पेढ्यांचा पुडा होता. विहारात वाटून चार उरले होते, ते त्यांनी तिच्यासाठी ठेवले होते.

"कुठं गेलती? सरले सांगाले?"

यमुना त्यांच्याजवळ खाली बसली. तिनं ठरवलं होतं की वयाचं काहीतरी सांगू, जागा कमी झाल्या म्हणू. पण आज दिवसभर खोट्यानं आणि खऱ्यानं दोघांनी मिळून तिला एवढं तुडवलं होतं, की नवं खोटं रचायचं त्राणच उरलं नव्हतं. तिनं जे होतं ते सांगितलं.

मोतीरामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे तू हिंदू लिवलं होतं."

"हो, बाबा."

"याच्या आंधीबी?"

"दोन्ही वेळा."

ते रागावतील म्हणून ती वाट बघत होती. रागावले असते तर तिला रडता आलं असतं. पण ते रागावले नाहीत. त्यांनी पेढ्यांच्या पुड्याची दोरी उगाच बांधली आणि सोडली.

"मले इचारलं असतं तं..." एवढं बोलून ते अडले. विचारलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "यमुने, बासष्टमंधी म्या मास्तरले तो शबुद खोडाले लावला. नसता लावला, तं तुया दाखल्यावर हिंदूच राह्यलं असतं, सरले काही दिसलंच नसतं, आन् तू लागून गेली असती. मी तं अडाणी मानूस हावो. तू शिकलीस. तूच सांग. ते चूक झाली का मायी?"

यमुनेनं वर्षभर दुसरं काही केलंच नव्हतं. तुकडे करायचे आणि चूक कुठल्या तुकड्यात आहे ते सांगायचं. तिनं एकेक तुकडा पुढ्यात घेतला. बाबांनी खोडायला लावलं, त्यात चूक नव्हती. तिनं पोटासाठी लिहिलं, त्यात तिला आता काही चूक वाटत नव्हती. सरांनी दाखला पाहून खरं तेच लिहिलं, त्यातही शोधून चूक सापडेना. पाचवा पर्याय समोर दिसत होता. 'नाही बाबा', एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण कुठल्याच तुकड्यात चूक नव्हती, तर मग हे पत्र आलं कसं? त्या प्रश्नापाशी ती अडली आणि ते दोन शब्द राहून गेले.

मोतीराम उत्तराची वाट बघत राहिले. मग त्यांनी तिच्या गप्प बसण्यालाच उत्तर धरलं, मान हलवली आणि आत जाऊन पडले.

दसऱ्याच्या सकाळी नागपूरकडे जाणारी गाडी नेहमीच्या वेळेला आली. वस्तीतली माणसं पांढरी कापडं घालून, झेंडे घेऊन, घोषणा देत स्टेशनकडे गेली. कुणीतरी अंगणातून मोतीरामांना हाक मारली. यमुना चूल सोडून बाहेर आली. भरलेली पिशवी खुंटीला तशीच होती, आणि खुरपं जागेवर नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मोतीराम दसऱ्याच्या दिवशी बगीच्यात रोजानं गेले होते. कुणाची हाक यायला नको म्हणून पहाटेच निघाले असावेत.

गाडीची शिटी झाली आणि आवाज सौसरच्या बाजूला लांब लांब गेला.

"नाही, बाबा," यमुना म्हणाली. "तुमची चूक नव्हती."

घरात ऐकायला कुणी नव्हतं.